न हसण्याचा नवस

हसणं सोडून माझ्या सासूबाईंना काय काय मिळालं, हे मी सासरच्या पहिल्याच संक्रांतीला मोजून ठेवलं होतं.

त्या दुपारी सावंतवाडीच्या आमच्या पडवीत हळदीकुंकवाला बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी घाटावरची, गडहिंग्लजची. नव्या सुनेनं काहीतरी बोलावं म्हणून सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी आमच्या मामाची गोष्ट काढली. मामानं बाजारात म्हैस विकली, व्यापाऱ्यानं तिची शिंगं रंगवून तासाभरात तीच म्हैस मामाला चढ्या भावानं परत विकली, आणि घरी येऊन मामा म्हणतो कसा, "म्हैस बघा किती गुणी! गोठा न दाखवता बरोबर आपल्या दावणीला जाऊन उभी राहिली."

बायकांचे ओठ हलायला लागले, आणि तेवढ्यात शेजारच्या तायआक्कानं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मीच ओरडले.

"गप गो! हसवू नको तिका. नवस आसा तिचो."

मागच्या दाराजवळ, अगदी उंबऱ्याला लागून, सासूबाई पाटावर बसल्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले, नजर जमिनीवर. त्या हळदीचं तबक उचलून सरळ आत निघून गेल्या.

"बघ, उठवलंस," तायआक्का म्हणाली. मग तिनं मला सगळं सांगितलं. माझा नवरा विश्राम जन्मला तेव्हा मरता मरता वाचला. द्वारकानं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, देवीला हसणं वाहिलं. काशीला जाऊन कोणी वांगं सोडतं, कोणी चहा सोडतं. सावंतवाडीत हसणं सोडलेली बाई एकच. ती हसली तर पोराच्या जिवाला धोका. म्हणून गल्लीत कोणी तिच्यासमोर विनोद करत नाही.

त्याच्या बदल्यात हळदीकुंकवाचं पहिलं बोट सासूबाईंना. लग्न ठरलं की पहिला नारळ त्यांच्या हाती. दोन घरांत भांडण पेटलेलं असताना त्या नुसत्या दारावरून गेल्या, तरी दोन्हीकडच्या बायका पदर सावरून गप्प व्हायच्या. आणि द्यायचं काय, तर आपलं एक हसू. मला तेव्हा वाटलं, बाई हुशार आहे. सौदा फायद्याचा आहे.

ते घरच मुळी स्वप्नातल्यासारखं होतं. तळ्याच्या काठापासून हाकेच्या अंतरावर. थंडीत सकाळी तळ्यावरचं धुकं उठायचं आणि गल्लीत शिरायचं, खिडकीतून आत यायचं. पुढच्या पडवीत माझे सासरे, बाबल मेस्त्री, लाकडाची फळं रंगवत बसायचे. जागं होऊन बाहेर यावं तर धुक्यात केळ्यांचे घड लोंबतायत, आंबे पिकलेत, अर्धं कापलेलं पपनस ओलं चमकतंय, आणि वास मात्र फळांचा नाही, लाखेचा. पहिल्या आठवड्यात मी पेरू समजून लाकूड चावलं होतं. सासऱ्यांनी नुसता दुसरा पेरू माझ्या पुढे ठेवला. तोही लाकडाचा.

मी सासऱ्यांना मामा म्हणायची. गाव त्यांना बाबलमामा म्हणायचं आणि त्यांच्या बोलण्यासाठी गिऱ्हाईक मुद्दाम वाट वाकडी करून यायचं.

"हा आंबा किती दिवस टिकेल हो?" पुण्याचा एक गृहस्थ विचारत होता.

"तुमी टिकाल त्याच्यापेक्षा एक दिवस जास्त."

"आणि दिसतो अगदी खरा!"

"ह्या आंब्याक साल नाय, बाठो नाय, नि कितीय खाल्लो तरी संपाचो नाय. सासूक पाठवा."

पडवी हसून हसून फुटायची. मी आतून ऐकायची. एकदा दळण घेऊन येताना मला मधल्या दाराआड सासूबाई दिसल्या. पदराचा बोळा तोंडात, एक हात चौकटीला घट्ट, गुडघे एकमेकांत रुतवलेले, आणि खांदे गदगदा हलतायत. मला बघताच त्या तशाच मागच्या अंगणाकडे पळाल्या. मला वाटलं, नवस राखायला पळाल्या.

मामा जेवायला आत आले की उंबऱ्यावर त्यांचा चेहरा पाटीसारखा पुसला जायचा. बाहेर गाव हसवणारा माणूस, आत दोन वाक्यांचा धनी. "पेज वाढ." "मीठ कमी आसा." सासूबाई वाढायच्या, ते जेवायचे, आणि दोघांच्या मध्ये न बोललेलं काहीतरी तिसऱ्या पाहुण्यासारखं बसलेलं असायचं. ज्या घरात एवढी खोटी फळं, तिथं हे असंच असणार, असं म्हणून मी सोडून दिलं.

पुढच्या मार्गशीर्षात मला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरचं, पण माझी आई केव्हाच गेलेली, म्हणून सगळं सासूबाईंनी केलं. तेल, शेक, ओव्याची धुरी. त्या धुरीनं मला शिंका यायच्या आणि प्रत्येक शिंकेला माझं नेसूचं भिजायचं. मी मोठ्यानं ओरडले, "आई, हे काय होतंय मला? शिंकले की मुततेच मी!"

सासूबाईंच्या हातातली शेगडी कलंडता कलंडता राहिली.

"हळू बोल गो. बाहेर ऐकू जाईल."

"जाऊ दे. मी डॉक्टरला विचारणार आहे."

"हे विचारायचं असतं?" त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जसं मी तळ्याच्या पाण्यावरून चालत जायचं म्हणतेय.

बाळाला लस टोचायला दवाखान्यात गेलो तेव्हा मी विचारलंच. बाळंतिणींना व्यायाम शिकवायला तिथं ग्रेसी डिमेलो नावाची फिजिओथेरपिस्ट यायची. तरुण, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं खणखणीत. सासूबाई बाळाला घेऊन खिडकीकडे तोंड करून बसल्या, जणू या विषयाशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

"शिंकताना होतं?"

"शिंकताना, हसताना, कळशी उचलताना. ऑपरेशन करावं लागेल?"

"कोण म्हणालं ऑपरेशन? आधी स्नायूला कामाला लावू. आणि लाजू नका. निम्म्या बायकांना हे होतं. उरलेल्या निम्म्या सांगत नाहीत."

खिडकीकडची पाठ ताठ झाली.

"बाळ जन्मताना खालचे स्नायू ताणले जातात, सैल पडतात. झोळीसारखे असतात ते, मूत्राची पिशवी, गर्भाशय, सगळं त्यांच्यावर. आता ताठ बसा. वारा अडवायचाय असं समजा. मग लघवी अडवायचीय असं. पोट आवळू नका, मांड्या नको. श्वास धरू नका. आडातून कळशी ओढतो ना रहाटावर? तशी आतून वर ओढा. हळूहळू. वर आली की थोडी धरा. मग सोडायची तीही हळूहळू, धपकन नाही. दोर जळतो."

मी ओढली. कळशी कुठं आहे तेच मला कळेना.

"येईल," ग्रेसी म्हणाली. "रोज करा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. बसून, झोपून, भाकरी थापताना उभ्यानं. फक्त लघवीला बसल्यावर नको. शिंक येणार असं वाटलं की आधी कळशी वर, मग शिंक."

"मी पाणीच कमी केलंय," मी शहाणपणानं म्हटलं.

"मग आणखी बिघडवताय. पाणी कमी प्यायलं की लघवी कडक होते, पिशवी चुरचुरते, उलट जास्त घाई होते. पाणी नीट प्या, चहा कमी करा. आणि जोराची लागली म्हणून धावायचं नाही. उभ्या राहा, कळशी ओढा, कळ ओसरू द्या, मग चालत जा. पिशवीला कळलं पाहिजे, मालकीण कोण आहे ते."

"नि म्हातारपणी?" आवाज खिडकीकडून आला. सासूबाईंनी मान वळवली नव्हती. "म्हणजे, आमच्या शेजारणीची एक भावजय आहे. तिला खूप वर्षं आहे हे. तिचा काय उपयोग नसेल आता."

"भावजयीला घेऊन या," ग्रेसी म्हणाली. "स्नायूला वय विचारायची सवय नसते. तीन-चार महिने नेटानं करायला हवं मात्र."

घरी येताना तळ्याच्या काठानं आलो. धुकं अजून उठलं नव्हतं. पलीकडचा काठ नव्हताच. पाण्यावर फक्त झाडांच्या सावल्या उलट्या लोंबत होत्या. सासूबाई माझ्या मागे, फारच हळू, ओठ आवळून चालत होत्या.

"आई, पाय दुखतोय का?"

"नाय," त्या म्हणाल्या. "कळशी ओढतंय."

मी थांबले. मामांनीही एवढ्या सरळ चेहऱ्यानं एवढं मोठं वाक्य कधी टाकलं नसेल. मला हसू आलं, आणि त्यांचा चेहरा बघून ते विरलं. आम्ही काठावरच्या पायरीवर बसलो. बाळ त्यांच्या मांडीवर झोपलं होतं. सासूबाई पाण्याकडे बघत बोलायला लागल्या, स्वतःशी बोलल्यासारख्या.

"विश्रामचं बाळंतपण फार वाईट गेलं माझं. बाराव्या दिवशी बारसं. तुझ्या मामांनी ओटीतल्या नारळांत एक लाकडाचा नारळ घातला. शेंडीसकट. तायआक्काच्या घोवाला फोडायला दिला. त्यानं कोयता हाणला तर कोयता उडाला आणि नारळ गडगडत जाऊन त्याच्याच सासूच्या मांडीत बसला. मी हसले गो. इतकी हसले. आणि बसल्या जागी..."

त्यांनी बाळाचं टोपरं उगीच नीट केलं.

"चटई भिजली. हिरव्या काठाची. पडवी माणसांनी भरलेली. मी पोराला कुणाच्या तरी मांडीवर टाकलं, चटई गुंडाळली आणि न्हाणीत पळाले. तिथं चटई कोपऱ्यात कोंबली, लुगडं बदललं, रडून घेतलं. बाहेर आले तर तायआक्का सगळ्यांना सांगतेय, द्वारकानं पोरासाठी देवीला हसणं वाहिलंय, हसू फुटलं म्हणून घाबरून पळाली बिचारी. बायका माझ्या पाया पडायला लागल्या. मी काय बोलणार? मला वाटलं, देवीनंच झाकलं."

"म्हणजे नवस..."

"कसला नवस! पुढे दुसऱ्यांदा गरोदर राहिले, ते पोर गेलं, आणि मग तर खोकलं तरी व्हायचं. म्हणून मी मागच्या दाराशी बसते. म्हणून दुपारपर्यंत पाणी नाही. मान मिळतो म्हणतात सगळ्या. मानाला काय चाटायचंय?"

"आणि ती चटई?"

"संध्याकाळी बघते तर मागच्या दोरीवर वाळत होती. स्वच्छ धुतलेली. माझ्या सासूनं धुतली असणार. एक शब्द बोलली नाही ती मला. म्हणून मी ती मरेपर्यंत रोज तिचे पाय चेपले."

"मामांना ठाऊक आहे?"

"त्यांना? त्यांना नवस खराच वाटतो. घरात विनोद बंद केले त्यांनी, पोराच्या जिवाला धोका नको म्हणून. लग्न ठरलं तेव्हा माझ्या बापाला म्हणाले होते, मुलीला दागिने घालीन असं नाही सांगत, पण रडू नाही देणार." त्या माझ्याकडे वळल्या. "त्यांना कळू द्यायचं नाही हां, मालन. एवढी वर्षं फसवलं असं वाटेल. पण मला एकदा हसायचंय गो. त्यांच्या समोर बसून. कोरडं."

त्यानंतर आमच्या घरात दोन बायका एकच कळशी ओढू लागल्या. मी बाळाला पाजताना, त्या पेज ढवळताना. "ओढलीस?" "ओढली." "वर धरलीस?" "निसटली मेली." मामांनी ते एकदा ऐकलं आणि न्हाणीतली भांडी बघून आले. सगळी भरलेली होती. "इतक्या पाणी कशाक?" एवढंच म्हणाले.

शेजारणीची भावजय म्हणून सासूबाई ग्रेसीकडे गेल्या, आणि टेबलावर झोपल्यावर भावजय म्हणून राहणं काही जमेना. ग्रेसीनं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी तपासून सांगितलं, अंग, म्हणजे गर्भाशय, थोडं खाली उतरलंय. कापाकापी नको, एक मऊ कडं आत बसवू, ते वर धरून ठेवील. अधूनमधून काढून धुवायला यायचं. कडं बघून सासूबाई म्हणाल्या, "लग्नात हातात भरल्या त्या बांगड्या फुटल्या. ही टिकेल म्हणा."

पहिले काही आठवडे काहीच फरक पडेना. "तुझी ती ग्रेसी थापा मारते," सासूबाई चिडायच्या, आणि चिडताना कळशी धरून ठेवलेली आहे हे विसरायच्या. मग एका सकाळी धुक्यात अंगण झाडताना त्यांना खोकल्याची उबळ आली. झाडू टाकून, कमरेवर हात ठेवून त्या खोकल्या. उभ्याच राहिल्या. माझ्याकडे वळल्या. एखाद्या मुलीनं पहिल्यांदा पाण्यात पाय न टेकवता हात मारावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग आत जाऊन त्यांनी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं. पुढच्या गुरुवारी त्या पुराणाला पडवीच्या मधोमध बसल्या, मागच्या दारापासून दूर. तायआक्का मला म्हणाली, "आज द्वारका वाट चुकली काय गो?"

अडचण आता निराळीच उभी राहिली. कळशी वर येत होती, पण हसायचं कसं? सासूबाई हसल्या की नवस मोडला. विश्रामला नुसती सर्दी झाली तरी गाव सासूबाईंकडे बोट दाखवणार. शिमगा तोंडावर आलेला. शिमग्यात दारोदार सोंगं येतात, वाट्टेल ते बोलतात, बायकासुद्धा पोट धरून हसतात. एवढी वर्षं शिमग्याच्या दिवशी सासूबाई कडी लावून आत बसायच्या.

"काय करणार?" मी विचारलं.

"तू बघ," त्या म्हणाल्या, आणि कळशी, खरीखुरी, घेऊन विहिरीवर निघाल्या. मी मागोमाग.

तायआक्का विहिरीवर होतीच. ती कुठं नसायची?

"आक्का," सासूबाई दोर सोडत म्हणाल्या, "उद्या देवीची ओटी भरूक येशील? नवस फिटलो."

तायआक्काच्या हातातला दोर सुटता सुटता राहिला. "फिटलो? हसण्याचो नवस कसो फिटतलो?"

"नातवंड होयपर्यंतचोच होतो तो. मी तुका तेव्हाच सांगितलंय नाय? विश्रामाच्या बारशाक? तुकाच एकटीक सांगितलेलंय."

मी तायआक्काच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. गावातली प्रत्येक गोष्ट जिला आधी कळते, तिनं एवढी मोठी गोष्ट विसरलो म्हणून कबूल करायचं? रहाट कुरकुरला. तायआक्कानं एकदा आभाळाकडे, एकदा आडात बघितलं.

"सांगितलंस तर!" ती म्हणाली. "माका बरा आठवता. दुसऱ्या कोणाक आठवाचा नाय."

संध्याकाळपर्यंत गावाला आठवलं.

खण-नारळानं ओटी भरली आणि शिमग्याच्या दुपारी आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. द्वारका हसणार होती. सासूबाई पडवीत खुर्चीवर, मधोमध, नव्या हिरव्या लुगड्यात. सोंगं आली. एकजण नवरी झाला होता, मिशा तशाच ठेवून. एकजण सावकार होऊन स्वतःच्याच धोतरात अडकून पडला. एकानं तायआक्काची हुबेहूब नक्कल केली, तर तायआक्कासुद्धा हसली. सासूबाई बघत होत्या. ओठ हलायचे आणि परत मिटायचे. हसू येईना. इतक्या वर्षांत वाटच बुजली होती. सोंगं घामाघूम झाली, पोरं कंटाळली, बायका उठल्या. "सवय गेली बिचारीची," असं म्हणत गाव पांगलं. रंग उडालेलं अंगण तेवढं उरलं.

सासूबाई तशाच बसून होत्या. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

तेव्हा मामा माळ्यावरून उतरले. खांद्यावर एक गोणपाटाचं पोतं, धुळीनं भरलेलं. त्यांनी ते सासूबाईंच्या पायाशी ठेवलं, समोर उकिडवे बसले आणि आतून एकेक वस्तू काढायला लागले. घरच्या माणसांशी त्यांना सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"ही भाकरी. एका बाजून करपलेली. तू माझ्या आयेवर रागावून जेवूक नाय होतंस, तेव्हा तुझ्या पानात वाढूची होती." लाकडाची भाकरी. करपलेला डाग हुबेहूब.

"ह्या झुरळ. तुझ्या बहिणीच्या लग्नात तिच्या घोवाच्या पानात ठेवचा होता."

"ही चप्पल. एकच. तुझी देवळातसून चोरीक गेली, तेव्हा केलेलंय. म्हटलंय, तेव्हडीच तरी घाल."

तळलेला बांगडा आला, काट्यासकट. आजेसासूबाईंची कवळी आली. एक साबणाची वडी आली, वापरून झिजलेली. प्रत्येकीला एक प्रसंग होता, प्रत्येक विनोद रंगवून, लाख लावून, जागच्या जागी गिळलेला. उन्हात ती सगळी खोटी चीजवस्तू सासूबाईंच्या पायाशी चमकत होती. त्या एकेक हातात घेऊन बघत होत्या. झोपेत एखादं घर सापडावं आणि त्यातल्या सगळ्या खोल्या ओळखीच्या निघाव्यात, तशा.

शेवटी मामांनी पोतं झटकलं. तळातून एक नारळ गडगडत आला. शेंडी झडलेली, पाठीवर कोयत्याचा खोल व्रण. तो पडवीच्या उतारावर फिरला आणि बरोबर सासूबाईंच्या खुर्चीखाली जाऊन थांबला.

मी बघितलं, त्यांचे गुडघे जवळ आले, पाठ ताठ झाली. कळशी वर गेली. आणि मग त्या हसल्या. तोंड उघडून, पडलेल्या दाढा दिसेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बारीक, किणकिणता आवाज होता. लहान मुलीसारखा. तो न वापरल्यामुळे तसाच राहिला असावा. मामा उकिडवेच बसले होते आणि लांबून गाणं ऐकू येतंय तसे मान कलती करून ऐकत होते. आत बाळ दचकून रडायला लागलं.

हसता हसता सासूबाई एकदम उठल्या. "आले," म्हणाल्या आणि आत गेल्या. मामांनी खाली बघितलं. थोड्या वेळानं त्या लुगडं बदलून बाहेर आल्या, माझ्या कानाशी वाकल्या.

"जराशी सांडली."

"आई..."

"सांडू दे गो," त्या म्हणाल्या. "घागरभर हसले, चूळभर सांडलं." आणि परत जाऊन खुर्चीवर बसल्या आणि मामांना म्हणाल्या, "त्या झुरळाचा काय म्हटलात? परत सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांना चहा द्यायला पडवीत गेले. ते नारळाला नवी शेंडी चिकटवत होते. धुकं पायरीपर्यंत आलं होतं.

"मामा, एवढं सगळं माळ्यावर कशाला दडवलंत? नवसासाठी?"

त्यांनी शेंडी बोटानं दाबून धरली. "चटयेचो रंग पक्को होतो," ते म्हणाले. "एवढा धुतलंय, पण हिरवो काठ काय गेलो नाय."

मी बशी खाली ठेवली. त्या चटईबद्दल सासूबाई सोडून कोणी मला सांगितलं नव्हतं.

"तुम्ही धुतलीत?"

"आणि कोण धुवतला?"

"आणि तायआक्काला नवसाचं..."

"तिका सांगितला की गावाक सांगूची गरज नाय." ते किंचित हसले. त्यांनी आयुष्यात केलेली सगळ्यात मोठी थट्टा ती, आणि हसायला त्यांना सोबत नव्हती.

"पण मग आईंशी बोलला का नाही कधी?"

"तिना लपवल्यान. लपवलेला मी बघितलंय असा सांगूचा, म्हणजे परत उघडा करूचा." त्यांनी ब्रश लाखेत बुडवला. "हसवणा माझो धंदो. जिका हसवूचा, तिकाच त्याचो त्रास. मग हात आवरूक नको?"

"डॉक्टरला तरी दाखवायचं."

"बायकांचा असाच असता, असा आये म्हणायची." मग ब्रशकडे बघत, "औषध काय निघाला शेवटी?"

मी सांगितलं. रहाट, दोर, कळशी. एक मऊ कडं. तांब्याभर पाणी. मामा तळ्याच्या दिशेनं बघत राहिले, जिथं धुक्यामुळे तळं नव्हतं.

"एवढाच?" ते म्हणाले.

"एवढंच."

ब्रशवरची लाख वाळून गेली. "तिका सांगू नको हां," ते म्हणाले.

दोघांनीही एकच गोष्ट एकमेकांपासून जपायला माझ्याकडे दिली, आणि मी ती जपली. पुढची सात-आठ वर्षं ते घर एवढं हसलं की गिऱ्हाइकांना बाहेर ताटकळावं लागायचं. आता दोघंही नाहीत, तेव्हा त्या संक्रांतीला चुकलेला हिशेब नीट करते. देवीला न मागितलेली ओटी मिळाली. तायआक्काला दोनदा मान मिळाला, एकदा नवस लागल्याचा, एकदा फिटल्याचा. आजेसासूबाईंना न धुतलेल्या चटईपायी मरेपर्यंत पाय चेपून मिळाले. ग्रेसीला लाकडी केळ्यांचा घड गेला, तो तिच्या लग्नात कोणीतरी खरा समजून कापायला घेतला. सासूबाईंचं हसू गेलं होतं ते, थोडं सांडून का होईना, परत आलं.

आणि हे सगळं ज्याच्या खात्यातून गेलं, तो रोज उंबऱ्यावर आपला चेहरा पुसून आत यायचा आणि म्हणायचा, "पेज वाढ."